आईच्या खुर्चीच्या उंचीची गाडी

नोव्हेंबर २०२४ मध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून घरी आणताना तिला रिक्षात बसवायला मी, भाऊ आणि रिक्षावाले काका अशा तिघांना दहा मिनिटं लागली. रिक्षात शिरताना वाकावं लागतं आणि आत पाय वळवायला जागा नसते. आईनं तोंडातून आवाज काढला नाही, पण माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ दोन दिवस होते. गाडी घ्यायची हे मी त्याच रात्री ठरवलं.

आमच्या घरात चारचाकी कधी आलीच नव्हती. वडिलांची एम-८०, मग भावाची मोटारसायकल, मग माझी स्कूटर. मी ११ किलोमीटरवरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझं भागत होतं. साठवलेले अडीच लाख होते, पतसंस्थेकडून दोन लाख मिळणार होते. नव्यातली, आईला चालेल अशा उंचीची गाडी रस्त्यावर यायला माझ्या हिशेबानं साडेसहा लाखांच्या पुढे जात होती. म्हणजे जुनीच घ्यायची. भाऊ म्हणाला, "ताई, चालवायला शिकतेयस, पहिली गाडी घासणारच आहे. जुनी घेतलीस तर जीव कमी जळेल." त्याचं म्हणणं मला पटलं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी आईला सांगितलं होतं की बसायची जागा २० इंचांपेक्षा बुटकी नको. मी घरातली मोजपट्टी पर्समध्ये टाकली आणि पुढचे अडीच महिने ती तिथंच राहिली. गाडी बघायला गेले की आधी दार उघडून जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजायची. लोक बघत राहायचे. पण या एका मापानं निम्म्या गाड्या पहिल्याच आठवड्यात यादीतून गेल्या. डिकीवाल्या लांब गाड्या दिसायला देखण्या, त्यातल्या दोन तर माझ्या बजेटात बसत होत्या. पण आई त्यात बसायला गेली की शेवटचे चार इंच धपकन खाली पडायची. उठताना तर विचारायलाच नको.

दुसरी अट एअरबॅगची. भारतात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या कारना सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांच्या खालच्या मॉडेलांत बहुतेक वेळा दोन्ही नसतात. जुनी वॅगनआर आईच्या उंचीला अगदी बरोबर होती, पण माझ्या पैशांत येणाऱ्या ज्या तीन मी पाहिल्या, त्यांपैकी एकीतही एअरबॅग नव्हती. मी नवशिकी, शेजारी आई बसणार, आणि रस्ता सांगली-कोल्हापूरचा. मग एअरबॅग असलेल्या गाड्या शोधताना मारुतीची इग्निस पुढे आली. जानेवारी २०१७ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून तिच्या सगळ्या मॉडेलांत दोन एअरबॅग आणि एबीएस होते. बसायला उंच, जमिनीपासूनही चांगली वर. डिकी लहान आहे, पण आईचा घडीचा वॉकर आडवा मावतो. हे मी एका ओळखीच्यांच्या गाडीत प्रत्यक्ष ठेवून बघितलं.

कुठली गाडी हवी हे समजायला तीन आठवडे लागले. खरं काम त्यानंतरचं, कारण एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

माझ्या नशिबानं वडिलांच्या ओळखीचे एक मेस्त्री होते. वय सत्तरीच्या आसपास, गॅरेज आता मुलाकडे दिलेलं. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "पोरी, पैसे दिल्यावर मला दाखवायला आणू नको. आधी ने." एका गाडीचे पाचशे रुपये मी त्यांना देत होते. ते घेत नव्हते, मी खिशात कोंबत होते.

पहिली गाडी दिल्लीची होती, २०१६ ची डिझेल, किंमत ऐकून भाऊ खूश झाला. दिल्ली आणि आसपासच्या भागात तेव्हा डिझेल गाडीला दहा वर्षांनंतर आणि पेट्रोलला पंधरा वर्षांनंतर रस्त्यावर येता येत नव्हतं, म्हणून त्या गाड्या वेळ भरत आली की इतर राज्यांत स्वस्तात जायच्या. यात बेकायदा काही नाही. पण तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इकडचा रस्ता कर, मग एमएच नंबर, हे सगळं धरलं तर किंमत पुष्कळ वर जाते आणि महिने जातात. शिवाय माझं रोजचं २२ किलोमीटर. त्याला डिझेल कशाला? ती सोडली. दुसऱ्या एकीला सीएनजीचं किट बसवलेलं होतं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंधन नुसतं 'पेट्रोल'. म्हणजे किटची नोंदच नाही. तीही सोडली.

तिसरी मात्र मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान होतं. तिथं निळी, २०१७ ची हॅचबॅक, ३ लाख ६० हजार. सीटकव्हर कोरी, पायाखालचे मॅट कोरे, बोनट आरशासारखं. आई बसली, उठली, परत बसली. तिचा चेहरा उजळला. दुकानातल्या माणसानं चहा मागवला. मी मनातल्या मनात पतसंस्थेचा हप्ता मांडायला लागले होते.

मी चालकाच्या जागेवर बसले आणि दार लावून घेतलं. आत अत्तराची बाटली लटकवलेली होती, त्याचा गोड वास. आणि त्या गोड वासाच्या खालून दुसरा एक वास आला. तो मला ओळखायला वेळ लागला नाही. आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. खालच्या खोलीत छातीभर पाणी आठवडाभर उभं होतं. पाणी ओसरल्यावर आईच्या लग्नातलं लाकडी कपाट आम्ही तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं, रंगवलं. तरी पावसाळ्यात त्याचं दार उघडलं की तोच वास येतो. ओल्या गाळाचा, कुजक्या पाण्याचा. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा आलं आणि वास पुन्हा ताजा झाला.

मी मेस्त्रीकाकांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हात-दीड हात कधी बाहेर येत नाही, त्यामुळे तो धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या शेवटच्या भागावर करड्या रंगाची रेघ होती. गाडीत पाणी जिथपर्यंत चढलं होतं, तिथपर्यंतची. मग त्यांनी सीटखाली हात घातला. सीटचे बोल्ट गंजलेले. पुढच्या मॅटखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचललं आणि चिमटीत काहीतरी धरून माझ्या तळहातावर ठेवलं. वाळलेला गाळ, पिठासारखा बारीक.

"ताई, हे आपल्या नदीचं हाय का दुसऱ्या, ते मला सांगता येणार न्हाई," ते म्हणाले. "पण गाडी पान्यात होती."

दुकानातला माणूस म्हणाला, गाडी पुण्याची आहे, पुराशी काय संबंध. पूर काय फक्त आमच्याकडेच येतो असं थोडंच आहे. पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून कोरी करता येते, पण तिच्या वायरिंगमध्ये, सेन्सरच्या जोडांत, एअरबॅगच्या यंत्रणेत ओल शिरलेली असते आणि ती महिन्यांनी, वर्षांनी त्रास देते. मला एअरबॅग हवी होती ती लागेल तेव्हा उघडावी म्हणून. मी आईला उतरवलं. उतरताना ती म्हणाली, "चांगली होती गं." घरी आल्यावर मी तिला त्या गाळाबद्दल सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "कुणाची असेल ती? त्यांचं घरही बुडालं असेल." मला तिच्याइतकं मोठं मन करता आलं नाही. मला त्या कोऱ्या सीटकव्हरांचा राग आला होता आणि अजूनही आहे. पुरात गाडी बुडणं हा गुन्हा नाही, ते लपवून दुसऱ्याच्या आईला त्यात बसवणं हा आहे.

त्यानंतर मी जास्त सावध झाले. चौथ्या गाडीचं मीटर ४६ हजार दाखवत होतं. काकांनी आधी ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघितलं: गुळगुळीत. मग बोनट उघडून आत वाकले आणि मला बोलावलं. ऑइल बदललं की गॅरेजवाले एक छोटं स्टिकर लावतात, पुढचं ऑइल किती किलोमीटरला ते लिहून. ते तिथंच राहून गेलं होतं. त्यावर पेनानं लिहिलं होतं: ८०,०००. पुढे काही बघायचं कारणच उरलं नाही. पाचव्या गाडीत पुढच्या डाव्या बाजूचं एप्रन, म्हणजे बोनटखालचा चाकावरचा पत्रा, नव्यानं जोडलेला होता. कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके एका बाजूला होते, दुसऱ्या बाजूला नव्हते. बाहेरच्या पत्र्याला पोचा आला, रंग मारला, तर चालतं. एप्रन आणि पिलर, म्हणजे छताला धरणारे खांब, यांना हात लागलेला असला तर ती गाडी घ्यायची नाही, हे काकांचं ठाम मत, आणि ते मी तसंच पाळलं.

याच काळात घरी येणारा प्रत्येक जण सांगायचा, "आता जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागणार, थांब." डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं तसा निर्णय घेतला होता खरा, पण तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका माणसानं आपली गाडी दुसऱ्याला विकली तर त्याला तो लागूच नाही. हे नीट वाचल्यावर मी ठरवलं की दुकानांऐवजी घरगुती मालकाकडून घ्यायचा प्रयत्न करू.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मिरजेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं नाव सुचवलं. २०१८ ची इग्निस, पेट्रोल, पहिलेच मालक, ४१ हजार किलोमीटर. मुलाकडे परदेशी जायचं म्हणून विकत होते. मी फोनवर एकच विनंती केली: "आम्ही येईपर्यंत सकाळी गाडी सुरू करू नका." ते म्हणाले, "बघायला येणाऱ्यांत हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

सकाळी साडेसातला पोचलो. काकांनी बोनटवर हात ठेवून बघितला, थंड होतं. मग चावी फिरवली. थंड इंजिन खरं बोलतं. गरम झाल्यावर बरेच आवाज दबतात. गाडी एका झटक्यात सुरू झाली. सायलेन्सरमागे काकांनी पांढरा रुमाल धरला. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय. दोन्ही नव्हतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नव्हती. स्टेपनी काढून खालचा पत्रा बघितला, बेल्ट शेवटपर्यंत ओढले, एखादी काच बदललेली नाही ना हे कळावं म्हणून काचांवरच्या खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्या. मालकांनी आपणहून सांगितलं, "डावं मागचं दार रंगवलेलं आहे. फाटकाला घासलं होतं माझ्याकडून." आणि एक फाइल पुढे केली. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं, तारखेप्रमाणे लावलेली. दाराच्या रंगाचं बिलसुद्धा त्यात होतं. सगळ्या बिलांवरचे किलोमीटर क्रमानं वाढत गेलेले. मला ती फाइल बघूनच अर्धा विश्वास बसला.

काकांनी गाडी बारा किलोमीटर पळवली. खराब रस्त्यावर पुढून खटखट आवाज येत होता: सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश झिजलेले. क्लच मात्र ठीक होता, चढावर घसरत नव्हता. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे होते ३२१८, म्हणजे २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी शिल्लक होती, पण साडेसहा वर्षांचं रबर कडक झालेलं, बारीक भेगा पडलेल्या. चारही बदलावे लागणार. मालक ४ लाख ४५ हजार म्हणत होते. मी घासाघीस करायला घाबरत होते, म्हणून टायरचा आणि लिंक रॉडचा खर्च कागदावर लिहून तोच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि ४ लाख २० हजारांवर आले.

तोवर मालकांच्या बायकोनं आईला गाडीत बसवून चहाचा कप हातात दिला होता. आई दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून आरामात बसली होती. मोजपट्टी मी काढली होती, पण वापरली नाही.

आता कागद. इथं घाई करणाऱ्यांना मी आवर्जून थांबवते. सरकारी ॲपवर नंबर घालून मी आरसीची माहिती काढली तर बँकेचं नाव अजून तसंच! कर्ज २०२२ लाच फिटलं होतं, पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला होता. बोजा असलेली गाडी बँकेच्या संमतीशिवाय नावावर होत नाही. मी २० हजार विसार दिला आणि बाकीचे पैसे बोजा उतरल्यावर, असं स्पष्ट बोलले. मालकांना वाईट वाटेल अशी भीती होती. ते स्वतःच बँकेतले, त्यांनी मान डोलावली. बँकेचं नवं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ देऊन तीन आठवड्यांत ते काम झालं. तेवढ्यात त्यांनी नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घेतली. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती लावायची सक्ती तेव्हा राज्यात नुकतीच सुरू झाली होती आणि ती नसेल तर आरटीओतली कामं अडतील असं सांगत होते. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. ई-चलन एक निघालं, तेही त्यांनी भरलं.

मार्चच्या शेवटी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. 'सह्या देऊन ठेवतो, सावकाश करा' असं कुणी म्हणालं तरी सावकाश करू नये, दोघांच्याही हिताचं नाही. अर्ज ऑनलाइन भरला, पैसे आरटीजीएसनं पाठवले आणि साध्या कागदावर डिलिव्हरी नोट लिहिली: तारीख, वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटं, मीटरवरचे किलोमीटर, दोघांच्या सह्या. त्या मिनिटानंतर गाडीनं काही केलं तर जबाबदारी माझी. त्यांनी आपला फास्टॅग बंद केला, मी माझा नवा घेतला. विमा माझ्या नावावर करायचा अर्जही त्याच आठवड्यात दिला, कारण थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आपोआप बदलत असला तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण १४ दिवसांत नाव बदलून घेतलं नाही तर अडचण होते. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांचा बोनस त्यांच्याकडे राहिला आणि उरलेल्या महिन्यांचा फरक मला भरावा लागला. टायर, लिंक रॉड, विमा, आरटीओ मिळून गाडीच्या किमतीवर ३१ हजार गेले. विसार द्यायच्या आधीच मी तीस बाजूला ठेवले होते, म्हणून निभावलं.

आरसी कार्ड पोस्टानं आलं त्या दिवशी आईनं ते हातात घेऊन माझं नाव मोठ्यानं वाचलं. मेस्त्रीकाकांना पेढे द्यायला गेले तर त्यांनी पेढा ठेवला बाजूला आणि आधी बोनट उघडायला लावलं.

आईला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं. ऑपरेशनच्या आधीपासून दीड वर्ष जमलं नव्हतं. रविवारी पहाटे निघालो, मी चाळिशीच्या वर काटा नेला नाही, मागचे हॉर्न वाजवून पुढे गेले. वाडीत गाडी लावली. मी तिच्या बाजूला जाऊन दार उघडणार, तेवढ्यात तिनं ते आतून उघडलं होतं. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, दाराच्या कडेला धरून उभी राहिली.

"वॉकर काढ डिकीतला," ती म्हणाली. "आणि पुढच्या पौर्णिमेलाही येऊ."